ओकबुनचा अंगठा

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

तिच्या एका हातात मुळा होता, दुसऱ्या हातात सुरी. मी मंदिराच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. मांडीवर फाईल, शेजारी शाईचा पॅड. जिल्हा कचेरीपासून बसनं दोन तास आणि पुढे तासभर चढण, एवढं करून मी एका अंगठ्यासाठी आलो होतो. काम पाच मिनिटांचं आहे असं मला वाटलं होतं.

मी पुन्हा वाचलं. "मी, मेंग ओकबुन, वय बासष्ट, राहणार मुगोकसा मंदिर, शपथेवर सांगते की, एकोणीसशे एक्कावन्नच्या जानेवारीत शत्रुसैन्याने हे पुरातन मंदिर आग लावून भस्मसात केले. माझे पती ब्योन मानसॉक, मंदिराचे सुतार, यांनी शत्रूचा प्रतिकार करताना प्राण अर्पण केले."

"शत्रू म्हणजे कोण?"

"उत्तरेकडचे, आजी. आणि त्यांच्याबरोबरचे चिनी."

"ते आले अकरा दिवसांनी. तोवर जळायला इथं काही उरलंच नव्हतं." तिनं मुळ्याचा शेंडा उडवला. "आले, गार राख तुडवली आणि गेले."

मी गप्प बसायला हवं होतं. खाली गावात सगळ्यांना माहीत होतं, कचेरीत तर होतंच, आणि कुणीच बोलत नव्हतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कुणी लावली?"

"आपल्यांनी."

"आजी, जरा हळू."

"का? इथं कोण आहे ऐकायला? मुळे आहेत."

तेव्हा एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल चालू होतं. असं वाक्य बोलणाऱ्याला तुरुंगात जावं लागे, आणि ऐकून गप्प राहणाऱ्यालाही. मी पॅड बंद केला. ती मात्र मुळा चिरत बोलत राहिली. आवाज चढा नव्हता. काल बाजारात काय झालं ते सांगावं तसं सांगत होती.

"चाळीस जण होते. बर्फात चालून पाय काळे पडलेले. त्यांचा अधिकारी म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं. थोरल्या भंत्यांसमोर त्यानं टोपी काढली, तीनदा वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, शत्रू मागून येतोय, त्याला डोक्यावर छप्पर मिळता कामा नये. वरून हुकूम आहे. मंदिर जाळायचंय. भंते म्हणाले, उद्या सकाळपर्यंत थांबा, ग्रंथांचे ठसे तरी बाहेर काढतो. तो म्हणाला, तेवढा वेळ नाही. मग भंत्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ओकबुन, पोरं उपाशी दिसतायत, भात टाक."

"म्हणजे तुम्ही त्यांना..."

"जेवायला घातलं. बार्लीचा भात आणि मुळ्याच्या पाल्याचं सूप. मला वाटलं, पोटात गरम अन्न गेलं की माणसाची बुद्धी ठिकाणावर येते. भंत्यांनाही तसंच वाटलं असणार. एकानं दोनदा सूप मागून घेतलं. म्हणाला, माझी आई करते अगदी तसं झालंय. जेवून झाल्यावर आपापली भांडी धुतली त्यांनी, पालथी घातली. चांगल्या घरची पोरं होती. आणि मग रॉकेल ओतलं."

तिनं चिरलेला मुळा पातेल्यात लोटला.

"ते जेवत होते तेवढाच वेळ आमच्या पोरीच्या, इन्सुकच्या, बाबांना मिळाला. चारशे वर्षांपूर्वीचे ठसे, एकेका लाकडी फळीवर पानभर अक्षरं कोरलेली. ह्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण दर उन्हाळ्यात एकूण एक फळी सावलीत वाळवायचे, वाळवी बघायचे. ह्यांच्या बापानंही तेच केलं, आज्यानंही. त्या दिवशी पाठीवर घालून ओढ्याकाठच्या खडकापर्यंत नेले. चार खेपा केल्या. एकशे बारा निघाले. पाचव्या वेळी निघाले तेव्हा वळचणीला आग लागली होती. त्या पोरग्यानं हाका मारल्या, आत जाऊ नका, आत जाऊ नका. ते गेले. मग छप्पर बसलं."

चुलीतलं लाकूड तिनं पुढे सारलं.

"तीन दिवसांनी राख निवली तेव्हा सापडले. वेगळी चिता रचावी लागली नाही."

मग ती माझ्याकडे वळली. "हे लिहा. मग देते अंगठा."

"हे लिहिता येत नाही, आजी."

"येत नाही, की लिहू देत नाहीत?"

मी फाईल उचलली आणि निघालो.

मला त्या बाईबद्दल आधी काहीच माहीत नव्हतं असं नाही. पुरातन वास्तूंच्या कामाची फाईल माझ्याकडे होती आणि त्या फाईलच्या तळाशी मुगोकसाची सगळी कर्मकहाणी होती. लढाई थांबल्यावर ओकबुन आणि थोरले भंते, दोघंच वर परत गेले. जळक्या जोत्यावर पत्र्याची खोपटी बांधली. ते एकशे बारा ठसे तिनं आपल्या गोधड्यांत गुंडाळून ठेवले आणि स्वतः पेंढ्यावर निजली. भंत्यांबरोबर दारोदार फिरून मूठ-मूठ तांदूळ मागितले, वर येईल त्याला जेवू घातलं. भंते गेले, तिनं त्यांचं सगळं केलं. वीस वर्षं सरकारनं ढुंकून पाहिलं नाही. मग अचानक राजधानीत कुणाला तरी देशाच्या वारशाची आठवण झाली आणि सिमेंटच्या गाड्या निघाल्या.

हो, सिमेंटच्या. नवं मुख्य मंदिर सिमेंटचं झालं. खांब सिमेंटचे, तुळया सिमेंटच्या, आणि वर रंगाऱ्याकडून लाकडाच्या रेषा काढून घेतल्या. सुताराच्या बायकोनं त्या खांबावर बोटाची टिचकी मारली होती तेव्हा मी तिथंच होतो. "हा बोलत नाही," एवढंच म्हणाली. कंत्राटदार हसला. मीही हसलो, कारण कंत्राटदार आमच्या साहेबांचा माणूस होता.

आणि तो शेरा. मंदिर जळलं त्यानंतर त्या तुकडीतल्या कुणीतरी कुठल्याशा कागदावर लिहून ठेवलं की, सुतार हुकूम मोडून आत गेला, शत्रूसाठी काही लपवलेलं असावं असा संशय. ते तिथून पोलिसांकडे गेलं आणि ब्योन मानसॉकच्या कुटुंबाच्या नोंदीत शेरा पडला, लाल, म्हणजे उत्तरेकडच्या कम्युनिस्टांच्या बाजूचे. मी तो स्वतः पाहिला आहे. अर्ध्या ओळीचा आहे. लिहिणाऱ्याला पाव मिनिटसुद्धा लागलं नसेल. त्या अर्ध्या ओळीनं इन्सुकचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, गळा धरला. अठराव्या वर्षी परिचारिकांच्या शाळेच्या परीक्षेत ती जिल्ह्यात दुसरी आली होती. कुटुंबाची चौकशी झाली आणि यादीतून नाव गेलं. कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आता ती डोंगराखालच्या गावात बसस्टँडसमोर शेवयांच्या सुपाचं दुकान चालवत होती.

मी अंगठ्याशिवाय परतलो तेव्हा साहेब खुर्चीत मागे रेलले.

"प्यो, तुला म्हातारीकडून इतिहास आणायला पाठवलं होतं का? अंगठा आणायला पाठवलं होतं."

"ती नाही म्हणते, साहेब."

"पुढच्या आठवड्यात दगड कोरणाऱ्याला मजकूर द्यायचाय. वरून पाहुणे येणार आहेत. साक्षीदाराशिवाय दगड म्हणजे नुसता दगड." ते थोडा वेळ नखं बघत राहिले. "मुलगी आहे ना तिची, शेवयावाली? तिला सांग, आईनं अंगठा दिला तर बाप शहीद होतो. शहिदाच्या घरावर लाल शेरा कसा राहील? काढून टाकू."

"खरंच काढता येईल?"

"तू निरोप्या आहेस, प्यो. निरोप दे."

दुपारी मी इन्सुकच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. ती कणीक लाटत होती. मी सांगितलं ते तिनं लाटणं न थांबवता ऐकलं. मग लाटणं थांबलं.

"शेरा जाईल?"

"साहेब म्हणालेत."

"माझी मुलगी पाचवीत आहे. तिला मास्तरीण व्हायचंय. मी रोज तिला म्हणते, मास्तरणींना पगार कमी असतो, काही दुसरं हो. काय सांगणार? तुझा आजोबा पाचव्यांदा आत गेला म्हणून तुला होता येणार नाही, असं सांगू?" तिनं हात झटकले, पीठ उडालं. "चला. आईचा अंगठा मी उठवते. धरून उठवते."

"आत्ता?"

"आत्ता. उद्यापर्यंत विचार केला तर नाही होणार माझ्यानं."

दुकानावर फळी टाकून ती निघाली. चढणीवर मला तिच्यामागे धापा टाकत जावं लागलं. वर पोचलो तेव्हा ओकबुन अंगणात बसून कोबीच्या गड्ड्यांना मीठ चोळत होती. मुलीला माझ्यासोबत बघून काय ते तिच्या लक्षात आलं.

"गिऱ्हाईक सोडून आलीस."

"आई, अंगठा दे."

"बस आधी. पाणी पी."

"पाणी नको मला. तेवीस वर्षं झाली. बाबांना आता कोण काय म्हणतं ते त्यांना कळत नाही. मला कळतं. बाजारात भांडण झालं की पहिला शब्द कुठला येतो माहितेय? लालवाल्याची पोर. तू इथं वर बसून खरं धरून ठेवलंस, बरं केलंस. पण त्याचं ओझं खाली मी वाहते, आई. तू नाही."

ओकबुननं मीठ चोळणं थांबवलं. कोबी परातीत ठेवला, बादलीत हात धुतले, कमरेच्या फडक्याला पुसले. माझ्यासमोर येऊन बसली आणि उजवा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

"तुझ्यासाठी देते," ती म्हणाली. "कुठं ठेवायचा, दाखव."

तिचा अंगठा हवेतच होता. इन्सुकनं माझ्याकडे बघितलं. "एकदा वाचून दाखवा. मी ऐकलेलं नाही."

मी वाचलं. वाचताना मला प्रथमच त्या मजकुराची लाज वाटली, कारण तो मीच लिहिला होता. कोणत्याही मंदिराला चालेल असा मजकूर होता. नाव बदललं की झालं.

"यात जेवण नाही?" इन्सुकनं विचारलं.

"नाही."

"मी दहा वर्षांची होते. एका शिपायानं मला त्याच्या कांबळ्यात गुंडाळून खडकापर्यंत उचलून नेलं. त्याच्या खांद्यावरून मला धूर दिसत होता. तो माझ्या कानाशी सारखा म्हणत होता, बघू नकोस, बघू नकोस. आपल्याच बोलीत. तो आहे यात?"

"नाही."

मग तिनं आईचं मनगट धरलं आणि कमरेच्या आपल्या पिठाळ फडक्यानं तो अंगठा पुसायला लागली. शाई जात नव्हती. ती पुसतच राहिली.

"आधी यांनी बाबांना लाल केलं," ती म्हणाली. "आता शूर करतायत. दोन्ही वेळा घरात येऊन कुणी विचारलं नाही की बाबा, तुम्ही होतात तरी कोण. सुतार होते. आपलं काम करत होते. साहेब, तुमचा शाईचा डबा बंद करा."

"इन्सुक," आई म्हणाली, "पोरीचं काय?"

"पोरीचं मी बघते. शेवया विकून कुणी मेलेलं नाही."

उतरताना ती माझ्या पुढेच चालत राहिली. बसस्टँडपाशी मात्र थांबली. "उद्या मला पश्चात्ताप होईल," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा विचारायला येऊ नका. कदाचित हो म्हणेन मी."

मी गेलो नाही. तेवढं एक मी पाळलं.

पण साहेबांपुढे जावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगठ्यावर नाव लिहिलेलं असतं का?"

"नाही."

"मग? कचेरीत वीस माणसं आहेत. माणशी दोन अंगठे."

मी माझ्या टेबलाशी गेलो. आजूबाजूला सगळे आपापल्या कामात होते. मी पॅड उघडला आणि मेंग ओकबुन या नावाखाली माझा उजवा अंगठा उठवला. मला बायको होती, दोन मुलं होती, कचेरीनं दिलेलं घर होतं. कारण सगळ्यांकडेच असतं. त्या तेवीस वर्षांच्या पोराकडेही हुकूम होता. फरक एवढाच की त्यानं निदान टोपी काढली होती.

ऑक्टोबरात सोहळा झाला. झेंडे, बँड, शाळेतली मुलं रांगेनं उभी. वरून आलेल्या पाहुण्यांनी मंदिराच्या सिमेंटच्या खांबावर हात फिरवून पूर्वजांच्या सुतारकामाची तारीफ केली. मग दगडावरचं पांढरं कापड ओढलं. काळा चकचकीत दगड, त्यावर चिनी लिपीतली अवघड अक्षरं, म्हणजे गावात कुणाला वाचता येऊ नयेत अशीच. ती मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

मी वाचलं. 'मंदिरवासी मेंग ओकबुन यांच्या साक्षीनुसार' हे शब्द ध्वनिक्षेपकातून दरीपर्यंत गेले. स्वयंपाकघराच्या दारात ती पांढऱ्या कपड्यांत उभी होती. गावकऱ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग आपापल्या बुटांकडे. नवे तरुण भंते माळ ओढत राहिले. त्यांनी मला नंतर सांगितलं की मंदिर उभं राहणं महत्त्वाचं, दगडाचं काय, तो पावसानं झिजेल. तो झिजलेला नाही. निवृत्त होऊन खूप काळ लोटल्यावर, पाच वर्षांपूर्वी मी पाहून आलो, अक्षरं काल कोरल्यासारखी आहेत. आता त्याच्याखाली परदेशी प्रवाशांसाठी भाषांतराची पाटीही लावली आहे. खोटं आता दोन भाषांत आहे.

त्या दिवशी ती खुर्च्यांच्या रांगांमधून सरळ दगडापाशी आली. मला वाटलं, आता संपलं. पण ती ओरडली नाही. एका पाहुण्याला तिनं विचारलं, "यात माझं नाव कुठं आहे?" त्या गृहस्थांना गहिवरून आलं. त्यांनी तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. छायाचित्रकारानं नेमका तो क्षण टिपला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं: पतीच्या स्मृतीनं भारावलेली वीरपत्नी. माझ्याकडे ते कात्रण आहे. तिचा चेहरा नीट बघणाऱ्याला ते शब्द किती खोटे आहेत हे कळेल, पण नीट बघतं कोण.

पाहुणे पांगल्यावर तिनं मला मंदिराच्या मागे गाठलं.

"माझा अंगठा कुठून आणलात?"

मी उजवा हात पुढे केला. तिनं तो हातात घेऊन, उजेडाकडे वळवून बघितला, मासळी बाजारात मासा बघावा तसा.

"मऊ आहे," ती म्हणाली. "माझ्या अंगठ्यावर इथं चीर आहे, सुरीची. निदान तेवढी तरी काढायचीत."

"आजी, मला माफ करा."

"ते राहू दे. शेरा गेला का?"

मी मान खाली घातली. त्या सकाळीच मी साहेबांना विचारलं होतं. तो पोलिसांचा विषय आहे, असं उत्तर मिळालं होतं. अंगठा खोटा, शहीद खोटा, आणि शेरा तेवढा खरा म्हणून जागच्या जागी.

ओकबुननं हात सोडला. "वाटलंच होतं," ती म्हणाली. मग थोडी चालून परत आली. "माझा अंगठा घेतलात तुम्ही. आता मला अक्षरं द्या."

"म्हणजे?"

"लिहायला शिकवा. वाचता आलं असतं तर तुम्ही असले कागद घेऊन वर चढला असतात का?"

त्या हिवाळ्यात मी बारा रविवार वर गेलो. बायकोला सांगितलं, मंदिराचं काम शिल्लक आहे. चुलीशेजारच्या उबदार जमिनीवर ताटात बार्लीचं पीठ पसरून ती बसायची, जेवायच्या काडीनं त्यात लिहायची. आमची अक्षरं सोपी आहेत, हुशार माणूस एका दिवसात शिकतो असं म्हणतात. तिला तीन महिने लागले, कारण तिला ती क्रमानं नको होती.

"आधी 'मानसॉक' काढा," पहिल्या दिवशी म्हणाली. ते झाल्यावर म्हणाली, "आता 'सुतार'."

तिची बोटं जाड होती, सांधे सुजलेले. काडी मोडायची. चुकलं की ताट हलवून पीठ सपाट करायची आणि पुन्हा काढायची. तोंडानं मला शिव्या घालायची. "एवढ्याशा रेघेला एवढं वाकडं कशाला करून ठेवलंय? तुम्हाला पोटापाण्याचं दुसरं काही नव्हतं म्हणून."

सातव्या रविवारी तिनं विचारलं, "'आपले' कसं लिहायचं?"

माझा हात थांबला. आग कुणी लावली ते तिला लिहायचं होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही.

"शिकवताय, की घरी जाताय?" ती म्हणाली.

मी काडी घेतली आणि पिठात 'आपले' काढलं. मग तिच्या हातून काढून घेतलं. तेव्हा बाहेर कुणाची तरी पावलं वाजली. भंते सरपण न्यायला आले होते. तिनं ताट हलवलं नाही. मीच हलवलं.

वसंतात घंटेच्या मंडपाचं छप्पर चढवायचं होतं. कौलं खालून आली. आमच्याकडे रीत आहे, भक्त एकेक कौल घेतात, त्याच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि इच्छा लिहितात, आणि ते कौल मंदिराच्या छपराला लागतं. अंगणात टेबल मांडलं होतं, रंगाची वाटी, दोन कुंचले. लोक रांगेनं लिहीत होते. मुलगा परीक्षेत पास होऊ दे. आईचे गुडघे बरे होऊ देत. सुनेला मूल होऊ दे.

ओकबुन रांगेत उभी राहिली. इन्सुक दुकान बंद करून आली होती. नंबर आल्यावर ओकबुननं कौल उचललं, लोकांपासून बाजूला नेलं आणि जमिनीवर मांडी घालून बसली. तिनं आधी कौल फडक्यानं पुसलं, मग कुंचला धरला. लिहायला तासभर गेला. एकदा कुंचला घसरला आणि एका रेघेला शेपूट फुटलं. तिनं ते तसंच राहू दिलं. इन्सुक तिच्या मागे उभी राहून एकेक अक्षर उमटताना बघत होती आणि ओठांनी न बोलता वाचत होती.

लिहिलं होतं:

'ब्योन मानसॉक, सुतार. एकशे बारा ठसे बाहेर काढले. आपल्या सैनिकांनी लावलेल्या आगीत दुपारी गेला. त्यांना मी जेवू घातलं होतं. त्याची बायको ओकबुन हिनं स्वतः लिहिलं.'

रंग वाळेपर्यंत ती तिथंच बसून राहिली. मग इन्सुकनं कौल छातीशी धरलं, अक्षरं आतल्या बाजूनं, आणि शिडीपाशी नेलं. वर गवंडी ओल्या मातीच्या थरावर कौलं बसवत होता. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस, दरीपलीकडच्या गावचा. खालून आलेलं कौल तो न बघता उलटं करायचा, मातीत दाबायचा आणि पुढचं मागायचा. हे कौल हातात आल्यावर मात्र त्याला त्यावरची लांबलचक ओळ दिसली आणि तो थांबला.

त्याला वाचता येत होतं. त्यानं सगळं वाचलं. ओठ हलताना मला खालून दिसत होते. मग त्यानं खाली बघितलं, आधी माझ्या कचेरीच्या टोपीकडे, मग ओकबुनकडे. मी टोपी काढली. का काढली, माहीत नाही. ओकबुन मान वर करून उभी होती.

गवंड्यानं बाजूच्या बादलीत हात बुडवून माती ओली केली, हातानं नीट पसरली. कौल अक्षरं खाली करून त्यात ठेवलं, मुठीनं दोनदा हळू ठोकलं, कडेची वर आलेली माती बोटानं निपटून घेतली. मग शिडीवरून हात खाली केला, पुढच्या कौलासाठी.